एका माणसाएवढं वजन

परवा पहाटे कारखान्याचा भोंगा वाजला आणि मी अंथरुणातच म्हटलं, झालं, लागला हंगाम. आता होळीपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कानठळ्या बसवणारी गाणी, वळणावळणाला सांडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाडं आणि सगळ्या शिवारावर तो मळीचा आंबूस-गोड वास. नव्या माणसाला तो सोसत नाही. माझं माहेर आटपाडीचं, तिकडं हवा कोरडी. लग्न होऊन इकडं आले तेव्हा मीही नाकाला पदर लावून फिरायची आणि सासूबाई म्हणायच्या, "आगं, त्यो वास हाय म्हणून चूल पेटतीया आपली." आता तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. पण मागच्या हंगामापासून त्या वासात आणखी एक वास येऊन बसलाय. नव्या कापडावरून गरम इस्त्री फिरते तेव्हाचा, आणि त्यात थोडा पेट्रोलचा. शेडमध्ये आता इस्त्री नाही, पेट्रोलही नाही. तरी भोंगा वाजला की मला तो येतोच.

आमच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये विमान होतं. परसात शेवगा आहे म्हणावं तितक्या सहज मी आता हे सांगते. सुरुवातीला सांगायची लाज वाटायची. गुऱ्हाळ बंद पडून जमाना झाला, गूळ आटवायची काहील भंगारात गेली, तरी शेड उभी होती. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या शिवेवर. सातबारा सांगलीत आणि बाजार कराडला, असं आमचं कायमचं दोन घरचं पाहुणपण. इथली निम्मी घरं फौजेतली. बाकीचे फौजी रिटायर होऊन आले की बोअर मारतात, घरावर मजला चढवतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. आमचे हे सुभेदार होऊन आले आणि ह्यांनी परदेशातून विमानाचं सामान मागवलं.

आयतं विमान नव्हे. खोक्यांतून सुटे भाग येतात आणि आपलं आपण जोडायचं. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढं एक इंजिन, आत जेमतेम दोन माणसं. नळ्या उतरताना बघून गावाला वाटलं पॉलिहाउस येतंय. येता-जाता लोक विचारायचे, "ढबू मिरची लावताय काय सुभेदार?" हे शांतपणे म्हणायचे, "व्हय, बघू काय उगवतंय."

फौजेत ह्यांचं काम हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीचं. आयुष्यभर दुसऱ्याला उडवायचं आणि आपण खाली उभं राहून कान देऊन ऐकायचं. "बसलोच न्हाई असं न्हाई," ते सांगायचे, "पर पाठीमागं, पेट्यांवर. खिडकी कुठं ऱ्हाती तितं. आता आपण जोडलेल्यात फुडं बसायचं आन् आपलं रान वरनं बघायचं. एकदा. मग झालं." एवढीच त्यांची इच्छा. मी हसायची. आटपाडीला आम्ही आभाळाकडं बघायचो ते पावसासाठी. ह्या बाबाला आभाळातून खाली बघायचं होतं, तेही उसाकडं. ऊस काय बघायचाय, वरून काय आणि खालून काय.

सांगाडा उभा राहिला. पंखांच्या फासळ्या लागल्या, चाकं आली, इंजिन बसलं. आणि मग उजवा अंगठा हलायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. मग नट हातातून निसटायला लागले, आणि हे रागानं त्या नटालाच शिव्या द्यायचे. मिरजेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही, असंही सांगितलं. आमच्याकडं कुणाला काही झालं की मिरज, त्यामुळं ते स्टेशन आणि ते दवाखाने पाठ झालेले. पण त्या दिवशी हे म्हणाले, लगेच घरी नको जायला. मग आम्ही तंबोऱ्यांच्या गल्लीत जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसलो. आत एक म्हातारे कारागीर तारेखाली दोरा सरकवत होते. दोरा जरा इकडं, जरा तिकडं, आणि तार छेडून ऐकायचं. हे बराच वेळ त्यांच्या बोटांकडं बघत राहिले. मग स्वतःचा हात खिशात घातला.

"मास्तरीण," मला म्हणाले. मी कराडला मुलींच्या शिवण क्लासवर शिकवायची, म्हणून हे नाव. "पंखांवर कापड चढवायचं ऱ्हायलंय. तुला जमंल?"

"आवं, मी ब्लाऊज शिवणारी बाई."

"मग काय झालं? ह्याला तर गळा बी काढायचा न्हाई."

मी हसले आणि त्याच पायरीवर मला रडूही आलं. आतल्या म्हाताऱ्यांनी एकदा वर बघितलं, पाण्याचा तांब्या आमच्याकडं सरकवला आणि परत तार छेडली.

तो मागचा हंगाम. बाहेर ऊसतोड चाललेली, शेडच्या पलीकडच्या रानात तोडणी टोळीच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडलेल्या, कोयत्यांचा खचाखच आवाज. आत मी विमानाला कपडे शिवत होते. कापड पांढरं, गुळगुळीत, जरा निसरडं. फासळीवर डिंकासारखं चिकट रसायन लावून ते बसवायचं, लांब वाकड्या सुईनं मेणाच्या दोऱ्याचे टाके घालायचे आणि प्रत्येक टाक्याला गाठ. ह्यांना ती गाठ एका ठरावीक पद्धतीचीच पाहिजे. पंखाच्या पलीकडून ते मान वाकडी करून बघायचे आणि म्हणायचे, "सोड." सोडली की, "आता परत घाल." क्लासच्या पोरींना मी अगदी असंच छळलंय, म्हणून गप्प बसायची. कधी अगदीच डोक्यात जायचं. "तुमी बोलू नका, माझा टाका चुकतोय," म्हटलं की ते तोंडावर बोट ठेवून बसायचे. ते बोटही थरथरायचं.

कापड बसल्यावर ते ढिलं असतं, रात्रभर उशाला घेतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं. मग त्यावरून इस्त्री फिरवायची. माझी क्लासातली जुनी इस्त्री मी काढली, तिचा आकड्यांचा खटका कधीच मोडलेला. मी सवयीनं बोटाला थुंकी लावली आणि इस्त्रीच्या तळाला टेकवून बघितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, विमान हाय ते. थुक्यावर न्हाई चालत." मग नवी इस्त्री आली, तिच्यासोबत उष्णता मोजायचं यंत्र आलं, आणि माझ्या बोटाला कामावरून काढून टाकण्यात आलं. पण इस्त्री फिरली की काय मजा व्हायची. सुरकुत्या डोळ्यांदेखत पळायच्या. शेकोटीवर धरलेली हलगी जशी तणाणते, तसं ते कापड ताठ व्हायचं. हे टिचकी मारून ऐकायचे. आवाज पसंत पडला की पुढच्या फासळीकडं जायचं.

कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवावे लागायचे. असं घरी जोडलेलं विमान सरकारदरबारी पास करून घ्यायचं तर जोडणाऱ्यानं ते स्वतः जोडलंय हे दाखवावं लागतं. हे माझ्या हातांचे फोटो काढायचे. मोबाइल त्यांच्या हातात हलायचा, निम्मे फोटो पुसट. मग मोबाइल उसाच्या मोळीवर टेकवून काढायला लागले.

रंगाला बाबूभाई पेंटर आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं, गुलाब आणि वाघ रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. विमानाची नोंदणीची अक्षरं एकदम साधी हवीत, ठरावीक उंचीची, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक अक्षराला लाल सावली देऊन ठेवली. "लांबनं उठून दिसतंय सुभेदार," ते म्हणाले. "साधं म्हंजे लयच साधं दिसाय लागलं वतं, माझं मन झालं न्हाई." सावल्या पुसाव्या लागल्या. बाबूभाई हिरमुसले. ह्यांना ते बघवेना, म्हणून शेपटीजवळ आतल्या बाजूला, जिथं कुणाला दिसणार नाही, तिथं एक बारका गुलाब काढायची परवानगी दिली. तो अजून आहे.

मग वजन करायची वेळ आली. विमानाचं वजन किती यापेक्षा ते कुठं पडतं याला महत्त्व, असं हे सांगायचे. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून काटे आणले आणि तिन्ही चाकांखाली एकेक ठेवला. काटे हळदीनं माखलेले. विमानाची चाकं पिवळी झाली तेव्हा बघायला आलेल्या बायकांनी हसून घेतलं. रिकामं वजन झालं. मग माणसं बसल्यावर तोल कसा राहतो ते बघायचं होतं. माणसाच्या जागी काहीतरी ठेवायला हवं.

आता आमच्याकडं जड म्हणजे काय, तर साखर. कारखाना दिवाळीला सभासदांना साखर देतो, घरोघरी पोती येऊन पडतात. ताडपत्री उडू नये म्हणून साखरेचं पोतं, गादीची घडी दाबायला साखरेचं पोतं. वजन छापलेलं, शिवण पक्की. मग विमानाच्या सीटवर दुसरं काय ठेवणार? ठेवली. तोल छान जमला. आणि पोती आम्ही तिथंच राहू दिली, पुन्हा एकदा बघायचं म्हणून.

ह्यात काही चूक आहे असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

पुढं पंख सोडवून विमान कराडच्या धावपट्टीवर न्यायचं होतं. तेवढी लांब गाडी कुठली आणायची? उसाचीच ट्रॉली घेतली. तळाला वाडं पसरलं, वर घरातल्या सगळ्या गाद्या टाकल्या आणि विमान निजवलं. साखर तेव्हा कुठं घरात गेली. कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग होती, तिच्यात आम्हीही अडकलो. पुढचा ड्रायव्हर उतरून आला, ताडपत्रीकडं बघितलं, शेपटीकडं बघितलं आणि विचारलं, "कुठल्या कारखान्याला घालताय?" हे ट्रॅक्टरवर मागं बसले होते. म्हणाले, "जो चांगला दर देईल त्येला." त्या दिवसाइतकं खूश मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. लग्नात तर ते घाबरलेच होते.

तपासायला मॅडम आल्या. विमान खात्याच्या अधिकारी, वयानं आमच्या थोरल्या लेकीएवढ्या, बोलायला मऊ आणि नजर कडक. सांगाडा उघडा असताना एकदा येऊन बघून गेल्या होत्या. उडवणार होते कर्नलसाहेब. हे फौजेत असताना त्यांचे साहेब, आता महाबळेश्वरच्या खाली स्ट्रॉबेरी करतात आणि कुठंही जाताना स्ट्रॉबेरीची खोकी घेऊन येतात. मॅडमनी आधी फोटो बघायला घेतले. सुरुवातीच्या फोटोंत ह्यांचे हात, मग मध्येच हात बदलतात. बांगड्या येतात.

"हे हात कुणाचे?" मॅडमनी विचारलं.

"माझंच हायेत," हे म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात त्याच बांगड्या. मी ते पदरात घेतले. मॅडमनी पुढचा फोटो उघडला. नंतर गाठींबद्दल मला बाजूला घेऊन त्यांनी इतके प्रश्न विचारले की क्लासच्या तोंडी परीक्षेला मी कुणाला विचारले नसतील. मला सगळे आले. मग त्यांनी जोडणाऱ्यांच्या रकान्यात ह्यांच्या नावाखाली माझं नाव लिहायला लावलं. ह्यांना म्हणाल्या, "हात दोघांचे आहेत, सर." हे म्हणाले, "त्येच म्हणतोय मी."

आणि मग विमान जमिनीवर पळवून बघायचं होतं. कर्नलसाहेब बसले, इंजिन लागलं, धावपट्टीवर एक फेरी, दुसरी फेरी, मग जोरात. परत आले आणि काच ठोकत म्हणाले, "वेगाचा काटा मेलाय." पंखाखाली एक बारकी नळी असते. तिच्या तोंडात वारा शिरतो, त्यावरून काटा वेग दाखवतो. हे खाली वाकले, त्यांना वाकवत नव्हतं तरी वाकले, आणि नळीच्या तोंडाशी बोट धरलं. बोटावर मुंगी आली. मागून दुसरी. मग रांगच लागली, प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी. पोत्याच्या शिवणीतून सीटवर साखर गळली होती. आमच्या गुऱ्हाळाच्या मुंग्यांनी, पिढ्यान् पिढ्या गोडावर वाढलेल्या त्या, विमानात बिऱ्हाड केलं होतं. सीटखाली, दाराच्या कडेला, आणि त्या नळीत माती लिंपून पार आतपर्यंत.

मॅडम हसल्या नाहीत. तेच वाईट होतं. म्हणाल्या, सगळ्या नळ्या सोडवून साफ करा, सगळं विमान आतून तपासा, मग परत बघू. परत कधी, ते आत्ता सांगता येणार नाही, असंही त्याच म्हणाल्या. कर्नलसाहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे म्हणाले, "आमाला दुश्मनानं कवा ग्राउंड केलं न्हाई. मुंगीनं केलं." सगळे हसले. घरी जाताना गाडीत ते बोटाला लागलेली माती नखानं खरवडत राहिले.

त्या आठवड्यात ते मोरीत पडले. हाड मोडलं नाही, पण चालायची उमेद मोडली. मिरजेला गोळ्या वाढवल्या. बाहेर हंगाम चाललेलाच, पाचट पेटवलं की काळी काजळी अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी कर्नलसाहेबांबरोबर धावपट्टीवर जाऊन नळ्या धुतल्या, सीटच्या शिवणी उसवून झटकल्या, परत शिवल्या. त्या नळीला लाल कापडाची टोपी शिवली आणि तिला लांब लाल फीत लावली, उडायच्या आधी काढायची विसरू नये म्हणून. साखरेचं काय? आम्ही ती उन्हाळाभर चहात घालून प्यालो. पहिल्या घोटाला हे दरवेळी म्हणायचे, "मुंग्यांची हाय, जपून." पण संध्याकाळी ओट्यावर बसले की त्यांचा एकच विचार. मी पायावर उभा असेपर्यंत हे होईल का. ते बोलून दाखवायचे नाहीत. आल्यागेल्याला मॅडमचा फोन आला का, एवढंच विचारायचे. मला भीती वाटायची. देवाजवळ मी माझ्यासाठी कधी काही मागितलं नाही, त्या दिवसांत मॅडम लवकर याव्यात म्हणून रोज मागितलं.

हंगाम संपता संपता मॅडम आल्या. सगळं बघितलं, नळीत दोनदा बघितलं. चाचणीच्या उड्डाणांची परवानगी मिळाली. मी ह्यांना म्हटलं, चला, आता इस्त्रीचा शर्ट काढते, तुम्हाला बसायचंय. हे दुसरीकडं बघायला लागले. तेव्हा मॅडमकडून मला कळलं. चाचणी चालू असेपर्यंत विमानात फक्त उडवणारा बसतो. दुसऱ्या सीटवर वजन ठेवता येतं, माणूस नाही. ह्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. माझा संताप झाला. मी मॅडमना म्हटलं, ज्यानं बांधलं त्यालाच बसायला मिळत नाही, हा कुठला नियम?

"काकू," त्या म्हणाल्या, "नवीन विमान आहे. काही झालंच तर एका घरी रडणं व्हावं, दोन घरी नाही. म्हणून आहे तो नियम."

त्या बाईंचा मला राग आला नाही, हे मला आवडलं नाही.

कर्नलसाहेब आधी एकटेच उडाले. मग म्हणाले, आता दोन माणसांच्या वजनानं बघायचं. "वहिनी, एक पिशवी शिवा. एका माणसाएवढी. आणि साखर नको." पंखांचं कापड उरलं होतं, त्याची पिशवी मी दुहेरी शिवणीची शिवली, कण बाहेर येणार नाही अशी. माती ह्यांनी सांगितली ती, विहिरीजवळच्या तुकड्यातली. ह्यांच्या आजोबांनी तिथं पहिला ऊस लावला होता. ती चाळली, उन्हात वाळवली. किती भरायची, तर ह्यांच्याएवढी. म्हणून हळदीच्या काट्यावर आधी ह्यांना उभं केलं. मी आकडा बघितला आणि पदरानं काटा पुसल्यासारखं केलं. शर्ट ढिले होत चाललेत हे मला शिवणाऱ्या बाईला दिसत होतंच. हे ओट्यावर बसून ओंजळीनं पिशवीत माती टाकत होते. ओंजळ पिशवीपर्यंत जाईतो निम्मी सांडायची. त्यांनी घाई केली नाही. दुपार झाली, पिशवी भरली. मी तोंड शिवलं, त्यांच्या पद्धतीची गाठ मारली. त्यांनी सोड म्हटलं नाही.

सकाळी कोयनेवरचं धुकं उठल्यावर कर्नलसाहेबांनी ती पिशवी शेजारच्या सीटवर बसवली, पट्टा घातला, ओढून बघितला. विमान पळालं, हलकं झालं आणि आगाशिवाच्या डोंगराकडं वळलं. मी शिवलेले पंख वर होते आणि मी खाली. हे खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होते, आयुष्यभर ऐकलं तसंच. उतरल्यावर कर्नलसाहेब धावत आले. ह्यांनी विचारलं, "डावीकडं वढतंय का?"

"थोडं."

"वाटलंच," हे म्हणाले, आणि मग रडले.

पावसाळाभर विमान धावपट्टीवरच्या शेडमध्ये होतं. उघडीप मिळाली की कर्नलसाहेब येऊन उडवायचे, चाचणीचे तास भरायचे. पिशवी तिथंच असायची. प्रत्येक वेळी तीच जायची. तिचं वजन भरलं तेवढंच आहे. ह्यांचं नाही राहिलं. आता मी त्यांना एकटी उचलून पलंगावर घेते, आणि ते मला फार जड जात नाहीत, हे लिहिताना हात थांबतो माझा.

यंदा भोंग्याच्या आधीच कागद आला. चाचण्या पुऱ्या, विमान पास, आता दुसरा माणूस बसू शकतो. कर्नलसाहेबांचा फोन, "सुभेदार, तयार राहा." इस्त्रीचा शर्ट घातला, तो मी दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. धावपट्टीवर आम्ही तिघाचौघांनी त्यांना उचलून बसवायचा लय प्रयत्न केला. दार बारकं, मध्ये पंखाला धरलेली तिरकी नळी, आणि त्यांचा गुडघा दुमडेना. एकदा जोर लावला तर त्यांच्या तोंडातून आवाज निघाला. सगळे थांबलो. कर्नलसाहेब म्हणाले दार काढू, सीट काढू, काहीतरी करू. हे पंखाचं कापड धरून उभे होते. मग त्यांनी टिचकी मारली. आवाज नीट आला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "माझी पिशवी ठेवा."

"वहिनी, तुम्ही तरी बसा," कर्नलसाहेब मला म्हणाले. मी नाही म्हटलं. मला खाली काम होतं. खुर्ची उन्हातून सावलीत घ्यायची होती, आणि त्यांचा हात धरायचा होता. तो हात माझ्या हातात हलत राहतो, आता मला त्याची सवय झालीये. पिशवी गेली. आमच्या रानावरून जाऊन यायला मी कर्नलसाहेबांना सांगून ठेवलं होतं. ते गेले की नाही कुणास ठाऊक, डोंगराआड दिसेनासे झाले.

काल संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. रस्त्यानं ट्रॉल्या चाललेल्या, मळीचा वास नुकता सुरू झालेला. मी त्यांना चहा बशीतून पाजत होते. दोन घोट झाल्यावर त्यांनी मान जराशी माझ्याकडं केली.

"कुठवर गेलतो गं मी?"

मी म्हटलं, "महाबळेश्वरापातुर. साहेबांची स्ट्रॉबेरी बघून आलासा."

त्यांनी विचार केला. ओठ हलत होते, मनात हिशेब चालला असावा.

"खोटं नको बोलूस. तेवढं पेट्रोल न्हवतं टाकीत."

"बरं, मग आगाशिवापातुर. येताना आपल्या रानावरनं."

"हां," ते म्हणाले. "आता कसं." आणि उरलेल्या चहासाठी तोंड पुढं केलं.